नोंद आणि निर्णय यांच्यामधला वेळ

मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागातून एक बातमी आली. तिथल्या आदिवासी गावांतल्या ६५ हजार जात प्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करण्याचे काम शासनाने लेजिटडॉक या कंपनीबरोबर हाती घेतले होते. जातीच्या दाखल्याचे मोल एटापल्लीत वेगळे सांगावे लागत नाही. शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती, नोकरी, सगळ्या दारांवर तोच कागद मागतात, आणि बनावट दाखला घेऊन आत शिरलेला माणूस खऱ्या हक्कदाराची जागा अडवून बसतो. अशा व्यवस्थेत अख्खा दाखला साखळीवर जात नाही. त्याचा हॅश, म्हणजे त्या मजकुरातून गणिताने काढलेली एकमेव खूण, तेवढीच साखळीत बसवली जाते. कागदावरच्या क्यूआर कोडवरून कुणीही नंतर ताडून पाहू शकतो की दाखला तोच आहे आणि एक अक्षरही बदललेले नाही.

पॉलिगॉनवर साधारण दर दोन सेकंदांना एक ब्लॉक येतो. हॅश त्यात बसला की अ‍ॅपला तसा निरोप मिळतो. असे अ‍ॅप लिहिणाऱ्यापुढे खरा प्रश्न तिथून सुरू होतो. दाखला आता छापायचा का? छापलेला कागद अर्जदार घेऊन गेला की परत मागवता येत नाही. थांबायचे तर किती थांबायचे, आणि तोवर खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला पडद्यावर काय दाखवायचे? साखळी या प्रश्नांची उत्तरे देत नाही, ती अ‍ॅप लिहिणाऱ्यालाच द्यावी लागतात. ब्लॉक जितके जलद येऊ लागले तितकी ही उत्तरे अवघड होत गेली. पुढची सगळी पाने त्या अवघडपणाबद्दल आहेत.

ही पाने लिहिताना डोळ्यांसमोर वाचक होता तो छत्रपती संभाजीनगरचा. शासकीय अभियांत्रिकीत किंवा जेएनईसीत संगणकाची पदवी घेणारी मुलगी, विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात एमएस्सी करणारा मुलगा, सिडकोतल्या घरात बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपनीसाठी बॅकएंड लिहिणारा डेव्हलपर. या मंडळींना जावास्क्रिप्ट येते, डेटाबेस येतो, सॉलिडिटीचे दोन-चार धडेही गिरवून झालेले असतात. त्यांना कुणी नीट सांगितलेले नसते ते हे, की साखळीचा वेग हा कोडमध्ये ठिकठिकाणी गृहीत धरलेला असतो आणि तो बदलला की बरेच काही गुपचूप बिघडते. इंग्रजीत या विषयावर भरपूर साहित्य आहे, पण ते बहुतेक साखळी बांधणाऱ्यांनी साखळी बांधणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. साखळीवर घर बांधणाऱ्याची बाजू मराठीत मांडावी असे मनापासून वाटले.

सुरुवात एका जुन्या, ओळखीच्या व्यवहारापासून करू. शेत विकत घेतले, दस्त नोंदला गेला, तलाठ्याने गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरला आणि फेरफाराचा नंबर पडला. त्या दिवशी गावात कुणी असे म्हणत नाही की शेत नावावर झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना कळवले जाते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नाव चढते. कर्ज देणारी बँक आणि पोळलेला खरेदीदार दोघेही 'फेरफार मंजूर झाला का' एवढेच विचारतात. आमच्या मराठवाड्यात तर त्याही मागे जाऊन १९५४ चे खासरा पाहणी पत्रक काढायला सांगणारे वकील आहेत, आणि त्यांचे बरोबर असते. ई-फेरफार आल्यावर नोंद धरण्याचे काम पुष्कळ वेगात होऊ लागले. हरकतीचे पंधरा दिवस मात्र पंधराच राहिले.

ब्लॉकचेनवरही हेच दोन टप्पे आहेत. व्यवहार ब्लॉकमध्ये बसला म्हणजे नोंद धरली गेली. ती नोंद पुन्हा उलटणार नाही अशा जागी पोहोचली म्हणजे निर्णय झाला. त्याला फायनॅलिटी म्हणतात. इथेरियमवर दर बारा सेकंदांचा एक स्लॉट असतो, ३२ स्लॉटचा एक कालखंड (इपॉक) होतो, आणि सगळे सुरळीत असले तर असे दोन कालखंड उलटल्यावर, म्हणजे सुमारे तेरा मिनिटांनी, ब्लॉक अंतिम ठरतो. नोंदीला बारा सेकंद, निर्णयाला तेरा मिनिटे. सोलानावर स्लॉट ४०० मिलिसेकंदांचा आहे, तरी त्यावर पुढचे तीसेक ब्लॉक चढून तो अंतिम धरला जाईपर्यंत बारा-तेरा सेकंद जातात. वेगाच्या जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत असतो. ज्याला कागद छापायचा आहे, माल गाडीत चढवायचा आहे किंवा रुपये खात्यात टाकायचे आहेत त्याला दुसरा आकडा लागतो.

हे दोन आकडे एकमेकांपासून किती सुटू शकतात हे मे २०२३ मध्ये दिसले. ११ आणि १२ तारखेला इथेरियमवर ब्लॉक येत राहिले, वॉलेट चालू होती, व्यवहार बसत होते, पण फायनॅलिटी थांबली. पहिल्यांदा सुमारे पंचवीस मिनिटे, दुसऱ्यांदा तासाहून अधिक. फक्त ब्लॉक मोजणाऱ्या अ‍ॅपला काही झाल्याचे कळलेही नसेल. 'फायनलाइज्ड' या खुणेवर थांबणारे अ‍ॅप थांबून राहिले, आणि तेच बरोबर वागले.

मग ब्लॉक इतके जलद करायचेच कशाला, आणि आधी ते हळू का होते? याचे उत्तर गणितात कमी आणि जाळ्याच्या वागण्यात जास्त आहे. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी डिजिटल दस्तऐवजावर खोटी करता न येणारी तारीख कशी घालावी यावर निबंध लिहिला. पुढे त्यांच्या श्युरिटी या कंपनीने १९९५ पासून आठवड्यातून एकदा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत एक हॅश छापायला सुरुवात केली. आठवड्याभरातल्या सगळ्या नोंदी त्या एका ओळीत बांधलेल्या असत. आठवड्याला एक ब्लॉक, आणि तो ज्या कामासाठी होता त्या कामाला पुरेसा होता. एटापल्लीच्या दाखल्यांचे काम याच कुळातले आहे हे वाचकाने लक्षात ठेवावे, कारण वेगाची गरज नसलेले बरेच चांगले उपयोग आजही आहेत.

बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक यावा अशी त्याची रचना, आणि दर २०१६ ब्लॉकनंतर अवघडपणा पुन्हा जुळवला जातो. दहा मिनिटे का? २०१३ मध्ये झुरिचच्या डेकर आणि वॉटेनहोफर यांनी बिटकॉइनचे जाळे प्रत्यक्ष मोजले. नवा ब्लॉक एखाद्या नोडपर्यंत पोहोचायला सरासरी १२.६ सेकंद लागत होते, आणि ४० सेकंदांनंतरही पाच टक्के नोडना त्याचा पत्ता नसे. दहा मिनिटांत बारा सेकंद म्हणजे दोन टक्के, चालून जाते. त्याच जाळ्यावर दर बारा सेकंदांना ब्लॉक काढला असता तर पहिला ब्लॉक सगळ्या जगाला कळायच्या आत दुसरा कुणीतरी वेगळ्याच फांदीवर काढून मोकळा झाला असता. साखळीला फाटे फुटले असते, आणि फाट्यांमध्ये वाया गेलेले श्रम हल्लेखोराच्या पथ्यावर पडले असते. पुढचा सगळा इतिहास हे फाटे आटोक्यात ठेवून वेळ कमी करण्याचा आहे. २०११ मध्ये लाइटकॉइनने अडीच मिनिटे केली. सोम्पोलिन्स्की आणि झोहर यांनी वाया गेलेल्या फांद्यांचेही वजन धरावे असे सुचवले. इथेरियमने २०१५ मध्ये त्या विचाराचा आधार घेऊन तेरा-पंधरा सेकंद गाठले. १५ सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर खाणकाम गेले आणि बारा सेकंदांचे ठरीव स्लॉट आले.

आता पॉलिगॉनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या देशातून निघालेली आहे आणि शिकवण्यासारखी आहे. २०१७ मध्ये जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी मॅटिक या नावाने ती सुरू केली, मिहाइलो ब्येलिच नंतर आले, मुख्य साखळी २०२० मध्ये उघडली आणि २०२१ मध्ये नाव पॉलिगॉन झाले. तिच्या सरावाच्या साखळीचे नाव 'मुंबई' होते. एप्रिल २०२४ मध्ये ती बंद झाली आणि तिची जागा 'अमोय'ने घेतली, पण तोवर या देशातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी आपले पहिले कॉन्ट्रॅक्ट 'मुंबई'वरच चढवले होते. साखळीतल्या मोठ्या बदलांनाही दिल्ली, इंदूर, आग्रा, अहमदाबाद, भिलई अशी गावांची नावे मिळाली.

यातला जानेवारी २०२३ चा 'दिल्ली' बदल अ‍ॅप लिहिणाऱ्याने बारकाईने वाचावा. तोवर एकच व्हॅलिडेटर सलग ६४ ब्लॉक काढत असे, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त वेळ. तेवढ्यात दुसऱ्याने वेगळी फांदी वाढवली तर खोलवरची उलथापालथ होई. यालाच रीऑर्ग म्हणतात. नोंद धरलेले ब्लॉक बाद होतात आणि त्यांच्या जागी दुसरे येतात. 'दिल्ली'ने ही पाळी १६ ब्लॉकवर, म्हणजे सुमारे अर्ध्या मिनिटावर आणली. उद्देश चांगला होता आणि दिशाही योग्य होती. तरी पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पॉलिगॉनवर १५७ ब्लॉक खोल रीऑर्ग झाला. दोन सेकंदांच्या हिशेबाने पाच मिनिटांहून जास्त काळातली नोंद उलटली.

अशा उलथापालथीत अ‍ॅपचे नक्की काय होते? पैसे गायब झाले असे सहसा होत नाही. बाद झालेल्या ब्लॉकमधले व्यवहार पुन्हा रांगेत येतात आणि बहुतेक नव्या फांदीत बसतात. पण त्यांचा ब्लॉक क्रमांक बदलतो, ब्लॉकमधली जागा बदलते, क्रम बदलतो. क्रमावर अवलंबून असलेला व्यवहार फसूही शकतो. ज्याने आपल्या डेटाबेसमध्ये 'ब्लॉक अमुक, घटना क्रमांक तमुक' हीच ओळख प्राथमिक की म्हणून ठेवली, त्याच्याकडे आता एकाच घटनेच्या दोन ओळी असतात किंवा भलत्याच घटनेची एक. ज्याने व्यवहाराचा हॅश ओळख म्हणून ठेवला, प्रत्येक ओळीबरोबर ब्लॉकचा हॅशही जपला, आणि नवा ब्लॉक वाचताना त्याचा पालक आपल्याकडच्या शेवटच्या ब्लॉकशी जुळतो का हे तपासले, त्याचे अ‍ॅप शांतपणे मागे जाऊन पुन्हा पुढे येते. हा चार-सहा ओळींचा फरक आहे. संथ साखळीवर तो न करता वर्षानुवर्षे निभावून जाते, म्हणून तो कुणी शिकवत नाही. पॉलिगॉनने पुढे फायनॅलिटीवरच काम केले आणि जुलै २०२५ मध्ये ती सुमारे पाच सेकंदांवर आणली. ब्लॉकचा वेळ तोच, दोन सेकंदांचा. अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या दृष्टीने, माझ्या मते, त्या साखळीने केलेली ती सर्वांत मोलाची सुधारणा आहे, आणि तिची चर्चा त्या मानाने फार कमी झाली.

दुसरी गोष्ट घड्याळाची. कॉन्ट्रॅक्टला भिंतीवरचे घड्याळ दिसत नाही. त्याला ब्लॉकचा क्रमांक दिसतो आणि ब्लॉकवर लिहिलेली वेळ दिसते. खाणकामाच्या काळात खाणवाला ती वेळ थोडी पुढे-मागे करू शकत असे, म्हणून अनुभवी लोक सांगत की वेळेवर विसंबू नका, ब्लॉक मोजा. तो सल्ला त्या काळी योग्य होता. कंपाउंड ही ठेवी आणि कर्जाची प्रणाली घ्या. तिच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या व्याजाच्या गणितात वर्षाचे ब्लॉक २१,०२,४०० धरलेले आहेत. वर्षाचे सेकंद ३,१५,३६,०००, भागिले पंधरा. मर्जनंतर स्लॉट बारा सेकंदांचा झाला आणि वर्षाला २६,२८,००० ब्लॉक येऊ लागले. ब्लॉकमागे ठरलेले व्याज तेच राहिले तर वर्षाचे व्याज जवळपास पंचवीस टक्क्यांनी वाढते. चार टक्क्यांचे पाच होतात. त्याच प्रणालीच्या कारभारात मतदानाची मुदत सुरुवातीला १७,२८० ब्लॉक होती. पंधरा सेकंदांनी ते तीन पूर्ण दिवस, बाराने ५७ तास ३६ मिनिटे. कोडचे एक अक्षर न बदलता नियम बदलतात.

हे निदान पाव हिश्शाच्या मापातले होते. बीएनबी चेनने एप्रिल २०२५ मध्ये ब्लॉकचा वेळ तीन सेकंदांवरून दीडवर आणि जूनमध्ये पाऊण सेकंदावर आणला. दोन महिन्यांत वेग चौपट. ब्लॉकमागे बक्षीस वाटणाऱ्या कॉन्ट्रॅक्टने काहीच केले नाही तर चौपट वाटप. म्हणून आता सल्ला उलटा झाला आहे. व्याज, मुदत, कुलूप, सगळे वेळेवर बांधा. पण तिथेही एक खाच आहे. ब्लॉकवरची वेळ पूर्ण सेकंदांत असते. सेकंदाच्या आत दोन ब्लॉक आले तर दोघांवर एकच वेळ. 'मागच्या ब्लॉकपासून गेलेला वेळ' शून्य येतो, आणि त्या शून्याने कुणी भागाकार केला असेल तर व्यवहार तिथेच कोसळतो. हे चाचणीत सापडत नाही, कारण आपल्या लॅपटॉपवरची सरावाची साखळी असे वागत नाही. मुद्दाम तशी वागवावी लागते.

याच जातीतली आणखी एक गोष्ट. कॉन्ट्रॅक्टला मागच्या २५६ ब्लॉकांचेच हॅश विचारता येतात. सोडतीसारख्या कामात आधी गुप्त अंक बांधून ठेवायचा आणि नंतर उघडायचा असतो, तिथे हा वापर होतो. बारा सेकंदांच्या साखळीवर उघडायला ५१ मिनिटे मिळतात. पाऊण सेकंदाच्या साखळीवर तीन मिनिटे बारा सेकंद. मधल्या काळात वापरणाऱ्याचा फोन कन्नडच्या घाटात रेंजबाहेर गेला तर त्याची पाळी संपली. इथेरियमने मे २०२५ च्या पेक्ट्रा बदलात ८१९१ ब्लॉकांचे हॅश जपायची सोय केली, ती सुमारे २७ तासांची झाली. सगळ्याच साखळ्यांवर ती आहे असे धरून चालू नका.

शुल्काचा भाग विद्यार्थ्यांना सर्वांत आवडतो, कारण तो वहीत सोडवता येतो. ब्लॉक पूर्ण भरला की पुढच्या ब्लॉकचे मूळ शुल्क जास्तीत जास्त साडेबारा टक्क्यांनी वाढते, हा इथेरियमचा नियम. बारा सेकंदांच्या साखळीवर मिनिटाला पाच ब्लॉक, म्हणजे गर्दीच्या मिनिटात शुल्क १.८ पट. हाच नियम दोन सेकंदांच्या साखळीवर जशाचा तसा उचलला तर मिनिटाला तीस ब्लॉक आणि शुल्क ३४ पट. वॉलेटने दाखवलेला आकडा वापरणारा वाचेपर्यंत शिळा होतो. पॉलिगॉनने 'दिल्ली' बदलात ही टक्केवारी निम्मी, ६.२५ केली. मिनिटाला ३४ पटीच्या जागी सुमारे सहा पट. ब्लॉकमागे लिहिलेला कुठलाही दर हा खरे तर सेकंदामागचा दर असतो, हे इथे जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे दिसत नाही. कोडमध्ये असा दर दिसला की त्याला ब्लॉकच्या वेळेने भागून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

कॉन्ट्रॅक्टच्या बाहेरचे काम जास्त कंटाळवाणे आणि जास्त खर्चिक आहे. ईथर्स या रुळलेल्या लायब्ररीच्या पाचव्या आवृत्तीत दर चार सेकंदांनी साखळीला 'नवीन काय' असे विचारण्याची मूळ सोय आहे. बारा सेकंदांच्या साखळीवर हे पुरते. पाऊण सेकंदाच्या साखळीवर प्रत्येक विचारणेत पाच ब्लॉक निघून गेलेले असतात, म्हणजे साखळीने दिलेला वेग वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. विचारणा वाढवली तर नोड पुरवणाऱ्याचे बिल वाढते. बारा सेकंदांच्या साखळीवर दिवसाला ७,२०० ब्लॉक वाचणारा इंडेक्सर दोन सेकंदांच्या साखळीवर ४३,२०० आणि पाऊण सेकंदाच्या साखळीवर १,१५,२०० ब्लॉक वाचतो. वेबसॉकेट लावले तर ते मध्येच तुटते, आणि तुटल्याच्या दोन मिनिटांतले एकशे साठ ब्लॉक मागे जाऊन भरून काढावे लागतात. दोन-तीन जणांच्या चमूला हे परवडते का, हा हिशेब साखळी निवडण्याआधी करावा. वेग फुकट मिळत नाही. साखळीने वाचवलेले सेकंद चमूच्या खर्चाच्या वहीत कुठेतरी दिसतातच.

आणि माणसाचा वेग. सोलानावर व्यवहारासोबत एक ताजा ब्लॉकहॅश जोडावा लागतो आणि तो १५० ब्लॉकांपर्यंतच चालतो, म्हणजे साधारण एक मिनिट, फार तर दीड. तेवढ्यात सही होऊन व्यवहार पोहोचला नाही तर बाद. तरुण बोटांना हे जाणवत नाही. पण चष्मा शोधून, पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचून, मुलाला विचारून मग अंगठा लावणाऱ्या माणसासाठी लिहिताना हॅश सहीच्या अगदी आधी घ्यायला हवा, आणि मुदत संपली तर 'चूक झाली' असे लाल अक्षरांत न दाखवता गुपचूप नवा घेऊन पुन्हा विचारायला हवे. सावकाश वाचून सही करणारा माणूस योग्यच वागत असतो. अ‍ॅपने त्याला शिक्षा देऊ नये.

वेगाच्या तळाशी भूगोल आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे बारा-तेरा हजार किलोमीटर म्हणजे एका बाजूनेच साठ-पासष्ट मिलिसेकंद, तेही तार सरळ असती तर. जगभर पसरलेल्या व्हॅलिडेटरांनी दोन-तीन फेऱ्या मत देऊन एकमत करायचे तर काही शे मिलिसेकंद जाणारच. मग इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या आर्बिट्रमवर २५० मिलिसेकंदांना ब्लॉक कसा येतो, किंवा तशाच बेसवर २०० मिलिसेकंदांना पूर्वखूण (प्रीकन्फर्मेशन) कशी मिळते? तिथे क्रम लावणारा एकच सीक्वेन्सर असतो. तो पटकन सांगतो की तुमचा व्यवहार घेतला, आणि पुढे तो इथेरियमवर जाऊन बसतो. ती एका पक्षाची हमी आहे. हमी चांगली असू शकते, आजवर बहुतेक वेळा पाळलीही गेली आहे. पण अ‍ॅप लिहिणाऱ्याला आपण कुणाच्या शब्दावर पडद्यावर हिरवी खूण दाखवतो आहोत हे माहीत असले पाहिजे.

इतके सांगून मी वेगाच्या विरुद्ध आहे असे कुणी समजू नये. यूपीआय २०१६ मध्ये आले तेव्हापासून गुलमंडीवरच्या दुकानदारालाही दोन-तीन सेकंदांत उत्तर ऐकायची सवय झाली आहे. बारा सेकंद गप्प राहणारे अ‍ॅप त्याच्यासमोर टिकणार नाही. अदलाबदलीच्या बाजारात तर वेगाचा फायदा मोजता येतो. मिलिओनिस, मोआलेमी आणि रफगार्डन यांनी २०२३ मध्ये शुल्क धरून केलेल्या गणितात, तरलता पुरवणाऱ्याचे आर्बिट्राजवाल्यांकडून होणारे नुकसान ब्लॉकच्या वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते. वेळ चौथाई केली तर नुकसान साधारण निम्मे. जो छोटा ठेवीदार आपले पैसे अशा तलावात ठेवतो त्याच्या खिशात हा फरक पडतो. म्हणून वेग हवाच. तो कोणत्या टप्प्याचा आहे एवढे ओळखून वापरावा.

या पुस्तकातली प्रकरणे याच क्रमाने लावलेली नाहीत. आधी इंडेक्सर आणि डेटाबेस येतात, कारण तिथली चूक सर्वांत उशिरा कळते. मग कॉन्ट्रॅक्टमधले घड्याळ, मग शुल्क आणि सही, आणि शेवटी सीक्वेन्सर. गणिताची भीती असणाऱ्याने मतदान-प्रणालीचे प्रकरण दुसऱ्या वाचनासाठी ठेवले तरी चालेल. रीऑर्गचे प्रकरण मात्र कुणी वगळू नये. प्रत्येक प्रकरणासोबतचा कोड आपल्या मशीनवर चालवून, मग ब्लॉकचा वेळ बदलून पुन्हा चालवावा. वाचून हे कळत नाही.

एक काम अजून कुणी पुरते केलेले नाही, आणि ते इथल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. इथेरियमचा स्लॉट बारावरून सहा सेकंदांवर आणावा असा ईआयपी-७७८२ हा प्रस्ताव चर्चेत आहे. तो कधी आणि कोणत्या रूपात येईल ते येवो. पण साखळीवर आज अशी असंख्य कॉन्ट्रॅक्ट आहेत ज्यांच्या पोटात बारा किंवा पंधरा सेकंद गृहीत धरलेले आहेत, आणि त्यातली बरीच आता कुणालाही बदलता येत नाहीत. त्यांचा कोड सगळ्यांसाठी उघडा आहे. ७२००, ५७६०, २१०२४००, २६२८००० असे आकडे शोधत गेले, त्या प्रत्येकाच्या शेजारी ब्लॉकक्रमांक वाचला जातो का ते पाहिले, आणि सहा सेकंदांनी तिथे कुणाचे कुलूप निम्म्या वेळात उघडेल, कुणाचे व्याज दुप्पट होईल याची यादी केली, तर ती यादी प्रस्तावावर निर्णय घेणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल. एका सत्राचा प्रकल्प म्हणून दोघा-तिघांनी घ्यावा एवढे हे काम आहे, आणि कुठून सुरुवात करायची ते सातव्या प्रकरणाच्या शेवटी लिहिले आहे.